फुंकर

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नेरिस बेडो नळ्या बदलायला निघायची. कौन्सिलची पांढरी व्हॅन, मागे घडीची शिडी, शेजारच्या सीटवर थंड डबा आणि डब्यात बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळ्या. पेंगार्थ गावात दिव्याच्या खांबांवर, शाळेच्या फाटकावर, बस स्टँडच्या मागच्या भिंतीवर अशा नळ्या टांगलेल्या असत. लोकांचं त्यांच्याकडे लक्ष नसे. नळीचं वरचं तोंड बंद, खालचं उघडं, आणि वरच्या टोपणात रसायन लावलेली बारीक जाळी. महिनाभर गाड्यांच्या धुरातला वायू आपोआप आत चढत राहायचा आणि जाळीला चिकटून बसायचा. मग नळी उतरवायची, खालून टोपण लावायचं आणि प्रयोगशाळेला पाठवून द्यायची. "हिला ना पंप, ना बॅटरी," नेरिस विचारणाऱ्याला सांगायची, "ही नुसती आत घेते. बाहेर काही सोडत नाही."

डब्यात एक नळी जास्तीची असायची. ती कुठे टांगायची नसते. तिचं टोपण काढायचं नाही, महिनाभर ऑफिसच्या फ्रिजमध्ये दुधाच्या बाटलीमागे ठेवायची आणि बाकीच्यांबरोबर परत पाठवायची. तिच्यात काही सापडलं तर सगळ्याच मोजणीत घोळ आहे असं समजायचं. ऑफिसात तिला कोरी नळी म्हणत.

ग्लिन रो हा रस्ता नेरिस मुद्दाम शेवटी ठेवायची, कारण तिथे तिचे बाबा राहायचे आणि चहा मिळायचा. चढावर एकमेकांना चिकटलेल्या जुन्या घरांची एक रांग, दारं थेट फुटपाथवर उघडणारी. समोर झाडीने भरलेला उभा कडा. मधून हमरस्ता. खालून येणारा प्रत्येक ट्रक नेमका इथेच गिअर बदलायचा, भसकन काळा धूर सोडायचा आणि निघून जायचा. धूर मात्र कड्याला आपटून परत घरांवर यायचा. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. त्या वायूला कायद्याची मर्यादा चाळीसची. ग्लिन रोचा आकडा पंचेचाळीसच्या खाली कधी उतरलाच नव्हता.

रांगेतलं सगळ्यात वरचं घर ब्लॉडवेन मावशीचं. सख्खी मावशी नव्हे, पण त्या रस्त्यावर वाढलेल्या प्रत्येकाची ती मावशीच. शिडीचा आवाज आला की ती दारात हजर व्हायची.

"आली का हवावाली! काय गं, आज चहात किती चमचे धूर घालू?"

"पुढच्या महिन्यात सांगते, मावशी."

"तोवर मी असले म्हणजे मिळवली. सरकारी बाई तू, आम्ही मेल्याचाही आकडा महिन्याने सांगशील!" आणि मग ती खोकायची. तिचा खोकला दार, भिंत, सगळं ओलांडून रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. बोलणं आणि खोकणं यांत तिला दम लागायचा तो खोकण्यात. बोलण्यात कधी लागला नाही.

बाबांचं घर रांगेच्या मध्यावर. एल्विन बेडो उभी हयात कोळशाच्या खाणीत होते. खाण बंद होऊन जमाना लोटला, पण तिची धूळ त्यांच्या फुप्फुसात मुक्कामाला राहिली होती. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं आणि त्याची पारदर्शक नळी बाबांच्या नाकात. तरीही चहा ते स्वतःच करायचे, बशीत ओतायचे, ओठ जुळवून त्यावर सावकाश फुंकर मारायचे आणि पहिली बशी लेकीपुढे सरकवायचे. नेरिस तीन वर्षांची असल्यापासून हाच रिवाज होता. आता ती पन्नाशीला टेकली होती, नवऱ्याशी फारकत होऊनही बराच काळ झाला होता. निवलेला चहा जगात तिला दुसरं कुणी देत नव्हतं.

"छातीत दम नाही म्हणता आणि फुंकर कशी जमते हो?" ती विचारायची.

"फुंकरीपुरता वेगळा ठेवलाय," बाबा म्हणायचे.

नेरिसच्या घराची मागची खोली तयार होती. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाजवळ, झाडांच्या आडोशाला. पलंग आणून ठेवला होता, खिडकी त्यांना आवडते तशी पूर्वेला होती. पण बाबा हलायला तयार नव्हते. "खाणीतून वर येताना सगळे लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यात येतात," ते म्हणायचे. "एकट्याने वर येणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते तुला सांगणार नाही. रांग निघाली तर मी निघेन." आणि रांग निघणार होतीच. कौन्सिलने ठराव केला होता की ग्लिन रोची सगळी घरं विकत घेऊन पाडायची आणि माणसांना दुसरीकडे घरं द्यायची. शेवटचा शिक्का तेवढा बाकी होता, आणि तो यंदाच्या वर्षाच्या सरासरीवर बसायचा होता. आकडा चाळीसच्या वर राहिला की बाबा बाहेर. नेरिसला त्या वर्षी दुसरं काहीही नको होतं.

सप्टेंबरच्या नळ्यांचे आकडे आले तेव्हा ब्लॉडवेन मावशीच्या घरासमोर शून्य लिहिलं होतं.

"टोपण काढायला विसरलात," प्रयोगशाळेतली बाई फोनवर म्हणाली. "फ्रिजमधली आणि ही, दोन्ही सारख्याच कोऱ्या आहेत."

नेरिस विसरणाऱ्यातली नव्हती, पण माणूस कधीतरी विसरतो. ऑफिसात तिची भरपूर थट्टा झाली. विभागप्रमुख रॉड्रीने तिच्या कॉफीच्या मगावर झाकण ठेवलं आणि म्हणाला, "काढायचं असतं बरं का हे." तिनेही हसून घेतलं.

पुढच्या खेपेला तिने टोपण काढून खिशात टाकलं आणि दोनदा चाचपून पाहिलं. शिडीचा आवाज झाला तरी दार उघडलं नाही. तिने टकटक केली. ब्लॉडवेन मावशी आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि हसली. गालांवर चक्क लाली होती.

"मावशी, बरी दिसतेस गं!"

मावशीने मान डोलावली. नेरिस टोमण्याची वाट पाहत राहिली. टोमणा आला नाही. खोकलाही आला नाही. मावशीने हळूच दार लावून घेतलं, आणि दारातल्या पत्रपेटीची पितळी झडप किंचित आत कलली. वाऱ्याने झडपा कलतात. ही कललेलीच राहिली.

बाबांनीही तेच काढलं. "ब्लॉडवेन खोकत नाही हल्ली. भिंतींतून कळतं ना. चाळीस वर्षं तिच्या खोकल्यावर मी उठतोय, आता घड्याळ लावावं लागतं."

"औषध बदललं असेल."

"असेल." ते बशीवर फुंकर मारत थांबले. "तिच्या शेजारचा आयवरही खोकत नाही."

ऑक्टोबरला वरची तीन घरं कोरी आली. नेरिसने सगळे मार्ग तपासले. कधीकधी नळीत कोळी जाळं विणून बसतो आणि हवा वर चढत नाही. तिने प्रत्येक नळी उजेडात धरून पाहिली, आत कुठेही जाळं नव्हतं. कधी नळ्यांचा लॉटच खराब निघतो. पण त्याच लॉटच्या नळ्या बस स्टँडला व्यवस्थित भरल्या होत्या. वाहतूक पोलिसांना विचारलं तर ट्रक उलट वाढले होते. मग तिने प्रत्येक दाराशी तीन-तीन नळ्या टांगल्या. नोव्हेंबरअखेर जवळजवळ अर्धी रांग कोरी झाली. वरून खाली, एकाही घराला न वगळता, ते खाली सरकत होतं, आणि बाबांच्या घराच्या अलीकडच्या भिंतीपर्यंत आलं होतं.

रॉड्री माणूस वाईट नव्हता. त्याला खाली जाणारे आकडे आवडायचे, एवढंच. "पहिल्यांदा वाटलं तुझी चूक," तो म्हणाला, "पण तीन-तीन नळ्या खोटं बोलत नाहीत. हवा सुधारली, नेरिस! आता घरं पाडायची कशाला? डिसेंबर असाच गेला तर सरासरी मर्यादेच्या आत येते. समितीला मी तसं कळवतो."

"रॉड्री, रस्ता तोच आहे. ट्रक तेच आहेत. धूर गेला कुठे?"

"जिथे जायचा तिथे गेला असेल. तुला वाईट का वाटतंय तेच मला कळत नाही."

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी कडाक्याची थंडी होती. नेरिस दुपारी ग्लिन रोच्या समोर, कड्याच्या बाजूला उभी राहिली. तिच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. खालून एक ट्रक आला, गिअर बदलला, आणि नेहमीसारखा काळा लोट सोडून गेला. लोट कड्याला आपटला आणि परतला. तो घरांवर पसरायला हवा होता. मोरीच्या भोकाकडे पाणी वळतं तसा तो वळला, त्याच्या बारीक धारा झाल्या, आणि प्रत्येक धार एकेका दाराकडे गेली. दाराखालच्या फटीतून, किल्लीच्या भोकातून, आत कललेल्या पितळी झडपांतून धूर आत गेला. सावकाश. जराही आवाज न करता. रस्त्यावर इतकी स्वच्छ हवा उरली की ओल्या दगडाचा वास आला.

वरच्या खिडकीत ब्लॉडवेन मावशी बसली होती. तिने हात हलवला. काचेला नाक टेकवून ती रस्ता बघत होती, आणि काचेवर श्वासाचा डाग नव्हता.

नेरिस धावतच बाबांच्या घरात शिरली. घरात काहीतरी कमी होतं, आणि काय ते कळायला तिला क्षणभर वेळ लागला. यंत्राची घरघर बंद होती. नाकातली नळी गुंडाळून खुंटीला अडकवली होती. बाबा स्वयंपाकघरात ताठ उभे होते, कित्येक वर्षांत उभे नव्हते असे.

"बाबा! यंत्र का बंद केलंत?"

"बरं वाटतंय," ते म्हणाले.

शब्द त्यांचेच होते, पण आवाज उलटा होता. दचकल्यावर माणूस आत श्वास ओढतो आणि त्या ओढीत एखादा शब्द निसटतो, तसा. बाहेर आलेला नव्हे, आत चाललेला शब्द. त्यांनी चहा बशीत ओतला, पहिली बशी तिच्यापुढे सरकवली आणि हसले. फुंकर मारली नाही. बशीतली वाफ सरळ वर जात नव्हती. ती टेबलावरून आडवी जाऊन त्यांच्या ओठांशी नाहीशी होत होती.

नेरिस तो चहा तसाच प्यायली. जीभ पोळली. व्हॅनमध्ये बसल्यावर ती रडली.

त्या रस्त्यात काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. जे काय होतं ते त्या रस्त्यात होतं, त्या भिंतींत, त्या कड्यात, एवढी तिची खात्री होती. पंचवीस वर्षं नेरिस जागाच मोजत आली होती. तिच्या हिशेबी प्रदूषण नेहमी जागेचं असतं: या खांबाचं, त्या नाक्याचं, अमुक घराच्या दर्शनी भिंतीचं. माणूस तिथून हलवला की माणूस सुटतो. कौन्सिलातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

म्हणून तिने ते केलं. ग्लिन रोच्या नावाच्या नळ्या तिने ग्लिन रोला टांगल्याच नाहीत. त्या घेऊन ती बस स्टँडच्या मागे गेली, जिथे बसगाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि कचऱ्याच्या पेट्यांपलीकडे कुणी फिरकत नाही, आणि भर दुपारी, कौन्सिलचं पिवळं जाकीट घालून, सगळ्या नळ्या एका गजावर ओळीने बांधल्या. पिवळ्या जाकिटातल्या बाईला कुणी काही विचारत नाही. आयुष्यात तिने साधा बसच्या तिकिटातही खोटेपणा केला नव्हता. मग जुन्या कोऱ्या आकड्यांवर तिने शेरा मारला की लॉट सदोष, धरू नयेत.

डिसेंबर दणदणीत भरून आला. रॉड्री हिरमुसला, पण आकड्यापुढे त्याचं काय चालणार. फेब्रुवारीत शिक्का बसला. ग्लिन रो निघाली.

घरं रिकामी करायच्या सकाळी सगळे फुटपाथवर जमले होते. सामानाच्या गाड्या, कौन्सिलच्या मिनीबस, चॅपलचा पाद्री, वर्तमानपत्राचा फोटोवाला. मार्चची थंडी होती. पाद्री बोलत होता आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. फोटोवाल्याच्या तोंडातून निघत होती. हमालांच्या, ड्रायव्हरांच्या, नेरिसच्या. रांगेतल्या माणसांच्या तोंडातून निघत नव्हती. सगळे गुलाबी, ताठ, हसतमुख. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"किती छान दिसताय सगळे!" फोटोवाला म्हणाला. "खाणीच्या गायकवृंदातली मंडळी आहात ना तुम्ही? मग निरोपाचं एक गाणं होऊन जाऊ दे!"

पाद्रीने स्वर दिला.

ग्लिन रोच्या माणसांनी तोंडं उघडली. एकदम, शिस्तीत, आयुष्यभर उघडत आली तशी. गाण्याआधी सगळा गायकवृंद मिळून जो मोठा श्वास घेतो तो ऐकू आला.

तो संपला नाही.

पाद्रीच्या हातातली गाण्यांची पानं त्यांच्या दिशेने फडफडली. नेरिसच्या मफलरचं टोक उचललं गेलं आणि तिकडे ताणून राहिलं. कड्यावरच्या झाडांतून वाळकी पानं आली, रस्ता ओलांडून, त्यांच्या पायांशी.

मग तोंडं मिटली. फोटोवाल्याने फोटो काढला. "झकास," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला आणि पटकन गाडीत जाऊन बसला.

नेरिसला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही. पण बाबा तिच्याकडे बघून हसले, छोटी बॅग उचलून तिच्या गाडीत येऊन बसले आणि स्वतःचा पट्टा स्वतः लावला. तिला त्यांना फुटपाथवर सोडून देता आलं नाही. कुणाला आलं असतं?

बाकीचे मिनीबसमधून गावभर गेले. ब्लॉडवेन मावशीला बस स्टँडच्या वरचा फ्लॅट मिळाला, आयवरला शाळेसमोरचा, कुणाला दवाखान्याशेजारी, कुणाला बाजारात. जिथे जागा होती तिथे घर दिलं. आठवड्याभरात ग्लिन रो जमीनदोस्त झाली.

बाबा मागच्या खोलीत राहू लागले. खिडकीचे पडदे पहिल्या दिवसापासून पलंगाकडे झुकले. नेरिसने खिडकी बंद केली. पडदे तसेच राहिले. तिने डॉक्टरला बोलावलं. तरुण बाई होती, बडबडी. बाबांच्या पाठीला नळी लावून ती ऐकत राहिली आणि तिची बडबड थांबली.

"छाती स्वच्छ आहे," दाराशी आल्यावर ती म्हणाली. "इतकी स्वच्छ छाती मी खाणकामगाराची ऐकली नाही." ती घुटमळली. "ते श्वास सोडतात तेव्हा तुम्ही कधी जवळ असता का?"

"का?"

"काही नाही. मी घाईत होते, चुकलं असेल माझं."

पुन्हा ती आली नाही.

नेरिसचं बाबांवर प्रेम होतं, आणि आता त्यांची भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच टेबलावर रोज समोरासमोर बसायची. ती चहा करायची, दोन बशा भरायची. दोन्ही बशांची वाफ टेबलावरून त्यांच्याकडे जायची. ती ग्लिन रोच्या गोष्टी सांगायची, जुने टोमणे आठवून हसायची, ते ऐकायचे. तिला वाटे आपलं बोलणंही तिकडेच जातंय, शब्दागणिक, आणि परत काही येत नाही. संध्याकाळपर्यंत तिला दम लागायचा. पण ती बोलत राहिली. गप्प बसली की घरात तो एकच आवाज उरायचा, लांब, अखंड, आत जाणारा.

हळूहळू दम लागणं थांबलं. वसंत आला होता, झाडं फुलली होती. तिला बरं वाटू लागलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती चहा ओतत असताना रॉड्रीचा फोन आला. ती रजेवर होती, पण त्याला राहवलं नव्हतं.

"नेरिस, बसलीस का? बस आधी. आकडे आलेत. बस स्टँड कोरं. शाळा कोरी. दवाखाना, बाजार, सगळं कोरं! साऱ्या पेंगार्थची हवा फ्रिजमधल्या नळीसारखी आहे! मी सांगितलं नव्हतं तुला? केक मागवलाय. वरून साहेब येणार आहेत, आपण काय केलं ते बाकीच्या गावांना शिकवायचं म्हणतात. बाकीच्या गावांना, कळतंय का तुला?"

मागे ऑफिसचा आवाज येत नव्हता. एरवी त्या खोलीत कुणीतरी सारखं खोकत असायचं.

"नेरिस? आहेस ना?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हवा आत गेली. ती थांबेल म्हणून नेरिसने वाट पाहिली.

हवा जात राहिली.

तिने फोन खाली ठेवला. बाबा समोर बसले होते, ताठ, गुलाबी. तिने बशी जवळ ओढली. त्यांनी शिकवलं होतं तसे ओठ जुळवले आणि फुंकर मारली.

चहावर एकही सुरकुती उमटली नाही.

वाफ नेहमीप्रमाणे टेबलावरून बाबांकडे निघाली होती. मध्यावर ती थबकली, दुभंगली, आणि तिची एक धार हळूच मागे वळून नेरिसकडे येऊ लागली.